इच्छेचा भूतकाळ

यंदाही मृग कोरडा गेला. लातुरात ढग येतात, गच्च्यांवरून बघून जातात, थांबत मात्र नाहीत. आमच्या गल्लीत टँकर सुरू झाला आहे. तो आला की क्लासेसची पोरंपोरी पुस्तक बगलेत धरून बादल्या घेऊन रांगेत उभी राहतात. वर्तमानपत्रात उदगीर जिल्हा होणार, किनवट जिल्हा होणार, अशा बातम्याही परत आल्या आहेत. का कोण जाणे, आमच्याकडे पाऊस लांबला की नव्या जिल्ह्यांची चर्चा वाढते. हा काही माझा शोध नाही, नुसतं इतक्या वर्षांचं बघणं आहे.

माझ्या भाचीची मुलगी ईश्वरी बारावीच्या अभ्यासाला कंटाळली की फोनवर फ्रेंच शिकते. फोन तिला शाबासकी देतो, ती खूश होते. परवा तिची गंमत करावी म्हणून मी टँकरच्या रांगेतच म्हणून दाखवलं, "वँस, वँस, वँ, वँसियों, वँसिये, वँस."

"आज्जी, हे काय?"

"येणे. या क्रियापदाचं एक रूप आहे."

तिनं बादली खाली ठेवली आणि फोनमध्ये शोधलं. मग चष्मा वर सरकवून म्हणाली, "हे शिकवतच नाहीत. इथं लिहिलंय, हे आता कुणी बोलत नाही."

"मी ऐकलंय बोलताना," मी म्हटलं. तेवढ्यात आमचा नंबर आला.

फ्रेंचमध्ये इच्छा, भीती, शंका अशा मनात चालणाऱ्या गोष्टी सांगायच्या तर क्रियापदाला निराळं रूप घ्यावं लागतं. आणि ती इच्छा आजची नसून मागची असेल, तर त्याहूनही निराळं. हे दुसरं रूप जुन्या पुस्तकांत सापडतं. वाचताना मला ते नेहमी ठेवणीतल्या शालूसारखं वाटतं. मी ते शिकले नांदेडला, इतवाऱ्यातल्या एका गल्लीत, एका दुष्काळी उन्हाळ्यात. आता पाणी भरून झालं आहे, दुपार रिकामी आहे आणि तो उन्हाळा डोक्यातून जात नाही.

तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, याचा इतका आनंद झाला की गंजबाजारातल्या आमच्या डाळीच्या दुकानाची पाटी त्यांनी नव्यानं रंगवायला काढली. 'जि. उस्मानाबाद' पुसायचं आणि 'जि. लातूर' लिहायचं, एवढंच काम. पण रंगारी मिळेना, कारण सगळ्या गावालाच पाट्या बदलायच्या होत्या. कितीतरी दिवस आमच्या पाटीवर नुसतं 'जि.' होतं आणि पुढं पांढरा रंग. नव्या कचेऱ्यांना जागा मिळत नव्हत्या, नव्या साहेबांना घरं मिळत नव्हती आणि नेमकी तेव्हाच पावसानं पाठ फिरवली. जिल्ह्याचं गाव झालो आणि अंघोळीला पाणी नाही, अशी आमची शोभा झाली. आप्पा मात्र हटायचे नाहीत. "जिल्हा झाला न्हाई का? मग पानी बी येतंय की," असं ते गिऱ्हाइकाला डाळ मापता मापता सांगायचे.

माझी बी.ए.ची परीक्षा झाली होती. घरातलं एक माणूस कमी झालं तर तेवढंच पाणी वाचेल, म्हणून मला नांदेडला मावशीकडे धाडलं. नांदेडला गोदावरी आहे, हे कारण. गोदावरीही त्या वर्षी वाळूतून वाट काढत चालली होती, पण आमच्या मांजरा नदीपेक्षा बरी. मला जायला आवडलंच. एस.टी.त खिडकीशी बसून चाकूर, अहमदपूर, लोहा अशी गावं मागं टाकत जाताना शेतं नुसती काळी दिसायची. काळ्या जमिनीला भेगा पडल्या होत्या आणि त्यांत मागच्या तुरीची खुंटं उभी होती.

मावशीच्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडे जोहराबी टीचरचं अंगण होतं. पहाटे नळाला पाणी यायच्या सुमाराला तिथून एक पुटपुट सुरू व्हायची. एका लयीत सहा शब्द, मग थोडं थांबणं, मग पुन्हा सहा. नमाज म्हणावी तर तशी वाटत नव्हती. मावशीच्या सासूबाईंना, सगळे त्यांना आव्वा म्हणत, मी विचारलं. त्या लिंगपूजेला बसल्या होत्या. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "मंतर म्हनती ती तिच्या धरमाचा. रोज म्हनती. तू तुजं बग." आव्वांनी तू तुझं बघ म्हटलं की माझं कुतूहल दुप्पट व्हायचं. त्याच संध्याकाळी मी वाटीभर आंबट वरण देण्याचं निमित्त करून पलीकडे गेले.

जोहराबी टीचर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. बारीक अंग, पांढरी साडी, डोक्यावरून पदर. लहानपणी त्या हैदराबादला होत्या. वडील निजामाच्या नोकरीत. घराजवळ नन्सची शाळा होती आणि तिथल्या दोन म्हाताऱ्या नन्स फ्रान्सच्या होत्या. त्यांनी या मुलीला फ्रेंच शिकवलं. पुढं निजामाचं राज्य गेलं, वडिलांची नोकरी गेली, बिऱ्हाड नांदेडला आलं. नन्स तिकडेच राहिल्या. बरोबर आलं ते कव्हर गेलेलं व्याकरणाचं एक पुस्तक आणि पाठ झालेली क्रियापदं.

"मंतर नव्हे गं, क्रियापदं हैत," आव्वांचं म्हणणं ऐकून त्या हसून म्हणाल्या. "शिकती क्या तू?"

मी हो म्हटलं. कशासाठी, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. लातूरच्या डाळवाल्याच्या पोरीला फ्रेंचचा उपयोग काय? पण एखादी गोष्ट उपयोगाची नाही म्हटलं की तिच्यात काहीतरी असणार, असं मला आजही वाटतं.

त्यांची शिकवायची तऱ्हा म्हणजे पाढे. लिहायचं नाही. "लिहिलं की माणूस विसरायला मोकळा होतो," असं त्या म्हणायच्या. पेरूच्या झाडापासून भिंतीपर्यंत फेऱ्या मारायच्या आणि म्हणायचं. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. प्रत्येकाला एक रूप. 'असणे' या क्रियापदाचा पाढा असा : फ्यूस, फ्यूस, फ्यू, फ्यूसियों, फ्यूसिये, फ्यूस. पहाटे नळावर घागर घेऊन उभी असताना मी हाच घोकायची. बाया मागं वळून बघायच्या. मावशी म्हणायची, "काय फुसफुस लावलीस गं नळावर? लोकं म्हनतील, लातूरच्या पोरीला ऊन लागलं." मी थांबायची नाही. घागर भरेपर्यंत एक क्रियापद पुरं व्हायचं.

एके दिवशी त्यांनी पाऊस पडणे शिकवलं. आपल्याकडे 'पाऊस पडणे' असे दोन शब्द लागतात, त्यांच्याकडे एकच क्रियापद आहे. मी नेहमीसारखी सहा रूपं म्हणायला पेरूपाशी जाऊन उभी राहिले, तर टीचर म्हणाल्या, "नक्को, इसमें एकच है." पाऊस 'मी' पडत नाही, 'तू' पडत नाहीस, 'आम्ही' पडत नाही. फक्त तो पडतो. म्हणून त्याला एकच ओळ. मी वर बघितलं. आभाळ ताट घासल्यासारखं स्वच्छ होतं. इतक्या मोठ्या गोष्टीला इतकी छोटी जागा का, याचा मी दिवसभर विचार केला आणि काही हाती लागलं नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र मला तिथं कळली. ती मराठीबद्दलची होती. 'पाऊस यावा असं मला वाटतं' आणि 'पाऊस यावा असं मला वाटायचं', यांत 'वाटतं'चं 'वाटायचं' झालं, पण 'यावा' होता तसाच राहिला. आपल्या भाषेत वाटणं जुनं होतं, मागणं जुनं होत नाही. जुन्या फ्रेंचमध्ये तसं नाही. तिथं वाटणं मागं पडलं की ज्याची इच्छा केली ते येणंही मागं पडतं, त्याचंही रूप बदलावं लागतं. मी हे टीचरना सांगितलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! "अच्छा सोची," म्हणाल्या आणि आत जाऊन मला खायला खजूर आणून दिला. त्यांच्याकडे शाबासकीची हीच रीत होती. आजही हे वाक्य डोक्यात आलं की मला तो आनंदच आधी आठवतो, व्याकरण नंतर.

हे मागच्या इच्छेचं रूप टीचरना फार प्रिय होतं. इतर काळ त्या उरकून टाकायच्या, इथं मात्र रेंगाळायच्या. मी कारण विचारलं. त्या ओट्यावर बसल्या आणि त्यांनी मला हैदराबादचा अदब समजावून सांगितला. मोठ्या घरी पाहुण्याला बोलवायचं तर 'आप आएँ, ये आरजू है' असं म्हणत नाहीत. त्यानं पाहुण्यावर ओझं येतं. 'आरजू थी' म्हणायचं. इच्छा होती. आता नसेलही. तुम्ही आलात तर मेहेरबानी, नाही आलात तरी तुम्हाला अवघडायला नको. "फ्रेंच भी अदबवाल्यांची भाषा," त्या म्हणाल्या. "तिथले शरीफ लोक असंच बोलत असणार." मला ते इतकं पटलं की शंका घ्यायचं सुचलंच नाही. नांदेडच्या अंगणात आम्ही दोघींनी मिळून फ्रान्सच्या शरीफ लोकांना हैदराबादी करून टाकलं होतं.

एका दुपारी, लू चालली होती म्हणून दारं लावून आम्ही आत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "टीचर, तुम्ही फ्रेंच माणसाशी कधी बोललात? नन्स सोडून?"

त्यांनी हातपंख्याची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाल्या, "कुणाशी बोलू बेटा? इतकी वर्षं मीच बोलते, मीच समजते. कभी कभी डर लगता. मी जे बोलते ते फ्रेंच हाय का, का माझंच काहीतरी होऊन गेलं? नन्स गेल्या. हे बरोबर हाय म्हणून सांगणारं कुणी न्हाई."

त्यांचं लग्न झालं नव्हतं, भाऊ पाकिस्तानात गेलेला, घरात बोलायला कुणी नाही. एवढी एक भाषा त्यांनी सांभाळली होती आणि ती खरी आहे की नाही याचीच त्यांना खात्री नव्हती. मला त्यांची फार दया आली. आणि खरं सांगायचं तर, ती खरी आहे का हे जाणून घ्यायची उत्सुकताही तितकीच वाटली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आप्पा मावशीकडे डाळीचं पोतं घेऊन आले. चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "नंदे, तुज्या टीचरच्या देशाची एक पोरगी आलीय बग चाकूरला. आपल्या मळ्यातल्या हिरीत फीत सोडून बसायलीय. पानी किती खाली गेलं ते मोजायलीय म्हनं."

"टीचर नांदेडच्याच आहेत आप्पा. कुठल्या देशाची पोरगी?"

"फ्रान्सची. दुष्काळ बगाया आलीय. अजून चार दोन दिस हाय."

मी चहा टाकून भिंतीपलीकडे पळाले. टीचर तांदूळ निवडत होत्या. ऐकून त्यांचा हात थांबला. "नक्को," म्हणाल्या. मी आर्जवं केली, तरी "नक्को बेटा." शेवटी मी चिडून विचारलं की का नको. तेव्हा त्या म्हणाल्या, "उसको नहीं समझा तो? मग मी पहाटे उठून काय म्हणू?" मी परत आले, आप्पांना नाही म्हणून सांगितलं, आणि रात्रीचं जेवणही नीट गेलं नाही. सकाळी नळावर जायला दार उघडलं तर टीचर छत्री घेऊन उंबऱ्याशी उभ्या. "चल," म्हणाल्या. "आप्पांना विचार, एस.टी. किती वाजता."

बसमध्ये त्या एकच वाक्य घोळत होत्या. आपण आमच्या घरी यावं अशी आमची इच्छा होती. नू सुएतियों क वू वँसिये शे नू. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, त्या हळू आवाजात म्हणतच होत्या. आप्पा पुढच्या बाकावरून मागं वळून म्हणाले, "बाई, तुमी काळजी करू नका. पोरगी लई साधी हाय. आपली भाकर बी खाती."

मळ्यात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मुलीबरोबरचा इंग्रजी बोलणारा माणूस लिंबाखाली जीपमध्ये घोरत होता. ती मात्र विहिरीच्या काठावर पालथी पडून आत बघत होती. तिचं नाव क्लेर. वय माझ्याहून थोडं जास्त, नाक उन्हानं सोललेलं, डोक्याला पंचा बांधलेला. आम्हाला बघून उठली, हात झटकले. टीचरनी छत्री मिटली, पदर सारखा केला आणि ते वाक्य म्हटलं. सगळं, न अडखळता.

क्लेरनं आधी मागं वळून बघितलं, कुणी दुसरंच बोललं की काय म्हणून. मग टीचरकडे बघितलं. आणि ती खळखळून हसली.

टीचरचा चेहरा उतरला. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही. क्लेरच्या ते लक्षात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला आणि भराभरा काहीतरी सांगू लागली. शब्द एकमेकांत मिसळून, निम्मे गिळून. टीचर कान देऊन ऐकत होत्या. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "क्या बोल रही गे?"

त्या मला विचारत होत्या! मला कुठलं समजायला? मी मान हलवली. आपण यांना इथं आणून यांच्या हातातलं होतं नव्हतं तेही घालवलं, असं वाटलं.

आप्पांना यातलं काही कळलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की उन्हातून आलेली बाई अजून उभीच आहे. "आदी पानी तर द्या त्येंला, मग बोला की," असं म्हणत ते कोपीकडे, सालगड्याच्या झोपडीकडे, गेले आणि तसेच परत आले. माठ पालथा होता. सालगड्याची बायको घागरी घेऊन कुठं तरी लांब गेलेली. आपल्या मळ्यात पाहुणा यावा आणि त्याला तांब्याभर पाणी देता येऊ नये! जिल्हा झाल्याच्या आनंदात असलेल्या माझ्या वडिलांची मान त्या दिवशी मी पहिल्यांदा खाली गेलेली बघितली.

क्लेरनं पालथा माठ बघितला. जीपमधून आपली पाण्याची बाटली आणली, तिचं झाकण भरलं आणि टीचरपुढं धरलं. या वेळी ती सावकाश बोलली. दोनच शब्द. "बुव्ये, मादाम."

प्या, बाई.

टीचरना ते समजलं. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचे डोळे एकदम बदलले. तरी हात पुढं होईना, कारण पाहुण्याला पाणी द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं. क्लेरनं झाकण आणखी पुढं केलं. टीचरनी ते दोन्ही हातांनी घेतलं, सगळं प्यायल्या आणि म्हणाल्या, "मेर्सी, मा फीय." धन्यवाद, बेटा. मला हाक मारायचा शब्द त्यांनी तिकडे जसाच्या तसा नेला होता.

क्लेर त्यांच्या शेजारी मातीत बसली. एकेक शब्द सुटा करून सांगू लागली आणि टीचर मला सांगू लागल्या. "बोलती, हे आता आमच्याकडे फक्त किताबात हाय. शाळेत वाचलं. कुणाच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं. म्हणून हसू आलं."

"मग ते चूक होतं का?" मी घाबरतच विचारलं.

टीचरनी तोच प्रश्न तिला विचारला. क्लेरनं दोन्ही हात हलवले, मान हलवली, पुन्हा हात हलवले.

"समज गई वो," टीचर म्हणाल्या. मग स्वतःशीच, "पूरा समज गई."

त्यानंतर त्यांनी साधी वाक्यं धरली. आई आहे का, गाव कुठलं, तिथं पाऊस केव्हा येतो. इच्छा, भूतकाळ सगळं बाजूला राहिलं. क्लेर उत्तर द्यायची, टीचरना कळायचं नाही, त्या हात वर करायच्या, क्लेर परत सांगायची. थोड्या वेळानं हात कमी वेळा वर जाऊ लागला. मी मध्येच माझं एक वाक्य जुळवून तोंड उघडलं, तर टीचरनी माझ्याकडे न बघता हातानंच सांगितलं, थांब, आम्ही बोलतोय.

मी उठून लिंबाखाली आप्पांजवळ जाऊन बसले. नांदेडची बस दिसली तशी मी हाक मारली, "टीचर, बस आली!" त्यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा हाक मारली. त्या अर्ध्या वळल्या, म्हणाल्या, "जाने दे," आणि परत तिकडं तोंड केलं.

बस धूळ उडवत निघून गेली. आप्पा म्हणाले, "काय बोलायल्या गं एवढं?"

"मला नाही समजत," मी म्हटलं. आणि मला ते न समजणं इतकं बरं वाटलं की मी आप्पांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.